झारापजवळचा बिनपाटीचा रिमोल्डवाला

रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर रबराची नवी पट्टी चढवणं. ते करणाऱ्या या दुकानाला पाटी नाही. होती, पण दोन पावसाळ्यांपूर्वी वाऱ्याने उडून मागच्या कुणग्यात पडली. तात्यांनी ती उचलून आणली आणि टायर घासायच्या बफिंग मशीनवर छप्पर म्हणून ठोकली, ती आजपर्यंत तिथेच आहे. त्यामुळे सिंधुदुर्गात कुडाळकडून झारापला येताना डाव्या हाताला जुन्या टायरांची उतरंड दिसली की गाडी आत घ्यायची. मालकांना सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणते.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कुणाच्या तोंडून ऐकताय ते कळेल. माझ्या दोन सहाचाकी गाड्या आहेत आणि त्या चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला चालतात. नवरा गेला तेव्हा दिरांनी गाड्या विकायला गिऱ्हाईकसुद्धा आणलं होतं. मी विकल्या नाहीत. ओरोस-कसालच्या बाजूच्या खाणींत चिरा भरायचा, आंबोली घाटाने वर चढून आजरा-गडहिंग्लजकडे उतरवायचा, हा मुख्य धंदा. पावसात खाणी बंद, तेव्हा खत नाहीतर सिमेंट. डिझेल सोडलं तर या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा टायर खातात. हजार-वीस मापाचा नवा नायलॉन टायर वीस-बावीस हजारांच्या खाली येत नाही, आणि खाणीतला चिऱ्याचा खच तो बघता बघता फस्त करतो. त्यामुळे मागच्या चाकांना रिमोल्ड केल्याशिवाय आमच्यासारख्यांचं भागत नाही. पुढच्या चाकांना मात्र मी रिमोल्ड लावत नाही, कुणी फुकट करून दिला तरी.

पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत चार टायर होते. तात्यांनी रेट सांगायच्या आधी प्रश्न सुरू केले. "वैनीनू, गाडी खंय चलता? खाणीत की हायवेक?" मी म्हटलं, दोन्हीकडे. "आणि भरतास किती? खरा सांगा, मी काय आरटीओ नाय." खरं सांगितलं. मग त्यांनी टायर एकेक करून ते फाकवायच्या स्प्रेडरवर चढवले, आत दिवा घालून हाताने चाचपले आणि चारातला एक बाजूला लोळवून दिला. बाहेरून त्या टायरला काहीच नव्हतं. "ह्येका आतसून पाणी लागला हा. दोरे कुजले. ह्येच्यार पट्टी मारून मी पैसे घेतलंय तर घाटात तुमी माका शिव्या घालशात." पैसे येत असताना नको म्हणणारा टायरवाला मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

खरं म्हणजे तात्यांकडे जायच्या आधी मी एकदा फसले होते, ते कळलं मात्र नंतर. त्याच दसऱ्याला खाणी उघडल्या तेव्हा मी मागच्या डाव्या जोड्याचे दोन टायर दुसऱ्या एका ठिकाणी दिले होते. ठिकाणाचं नाव घेत नाही. टायरमागे बेचाळीसशे रुपये, आणि तिसऱ्या दिवशी माल हातात. पट्टी काळी कुळकुळीत, नक्षी देखणी. उजव्या जोड्याचे पैसे दिवाळीच्या तोंडावर जमले, तोवर ड्रायव्हरने तात्यांचं नाव काढलं म्हणून चार टायर दाखवले आणि त्यांतले दोन इथे केले. इथला रेट छप्पन्नशे. म्हणजे एकाच गाडीला डावीकडे एक पट्टी आणि उजवीकडे दुसरी. अशी भेसळ करू नये हे मला ठाऊक आहे, पण पैसे हप्त्याहप्त्यानेच येतात.

महिन्याभरात डाव्या टायरांचे लचके निघायला लागले. झीज वेगळी आणि लचके वेगळे. चिऱ्याच्या धारेवरून चाक गेलं की उंदराने भाकरी कुरतडावी तसा नक्षीचा कोपरा निघून यायचा. उजवीकडच्या टायरांना भेगा पडलेल्या दिसत, तुकडा मात्र निघत नव्हता. त्यातला एक लचका मी घरी आणला आणि तात्यांकडून पट्टीचं कापलेलं टोक मागून घेतलं.

माझं माहेर दोडामार्ग तालुक्यात. तिकडे केरळातून आलेल्या लोकांनी रबराच्या बागा केल्या, त्यांचं बघून माझ्या भावानेही काजूच्या उतारावर रबर लावलं. पहाटे सालीला तिरका काप द्यायचा, करवंटीत चीक धरायचा, त्यात पाणी आणि फॉर्मिक आम्ल घालायचं. मुंगी चावते तेव्हा जे झोंबतं तेच हे आम्ल. चिकाचं दह्यासारखं विरजण लागतं, ते रुळातून काढून धुरावर वाळवायचं. ही शीट म्हणजे टायरमधलं नैसर्गिक रबर. तिची प्रत ठरते आणि आपल्याकडचे टायर कारखाने बहुतेक करून चौथ्या प्रतीची घेतात, तिला आरएसएस-४ म्हणतात. लहानपणी या शीटचे तुकडे ताणून आम्ही एकमेकांच्या पाठीवर सोडायचो. ताणावा तितका चिवट, पण वैशाखात हाताला चिकटणारा आणि थंडीत काठीसारखा ताठ. सावंतवाडीच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं तेव्हा कळलं की चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक घालून तापवून हा दोष काढला. गंधक रबराच्या लांबलचक साखळ्यांना मधेमधे टाके घालतं.

पण नुसत्या गंधकाचं रबर म्हणजे पैशांच्या बंडलाला लावतो तो रबरबँड. ताणायला उत्तम, रस्त्यावर घासलं तर आठवडाभर टिकणार नाही. पहिले टायर पांढुरके असत, त्यांत झिंक ऑक्साईड घालत. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात काजळी घालून पाहिली आणि रबराची घासण सोसायची ताकद कितीतरी वाढली. पुढच्या काही वर्षांत टायर काळे झाले ते त्यामुळेच. ही काजळी म्हणजे कंदिलाच्या काचेवर धरते तीच जात, फक्त कारखान्यात हवा कमी देऊन तेल जाळून मापात बनवलेली. तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. ट्रकच्या पट्टीत घालतात तिचे कण वीस ते तीस नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलीमीटरच्या रेघेवर तीस-चाळीस हजार कण सहज बसतील. बारीक असल्यामुळे पृष्ठभाग प्रचंड. एन२२० नावाच्या काजळीचा एक ग्रॅम पसरला तर शंभर चौरस मीटरच्या वर जातो, म्हणजे माझं सारवलेलं अंगण झाकून पडवीपर्यंत येईल. एवढ्या पृष्ठभागाला रबर चिकटून बसतं आणि म्हणून ओढ आली तरी सुटत नाही.

याउलट खडूची पूड. तीही रबरात घालता येते, स्वस्त पडते, वजन भरते. पण तिचे कण काजळीच्या मानाने धोंडे, आणि रबर त्यांना धरत नाही. भाकरीच्या पिठात वाळू मिसळली तर भाकरी जड होईल, कुणाचं पोट भरणार नाही. माझा संशय होता की डाव्या टायरात तेच झालंय. काळा रंग काय, थोड्या काजळीनेही येतो.

मग मी घरी एक प्रयोग केला. तो लिहायचा म्हणूनच खरं तर एवढा पसारा मांडलाय. रबराची घनता पाण्याहून थोडी कमी, ०.९२. काजळीची १.८. शंभर भाग रबर, पन्नासेक भाग काजळी, पाच भाग झिंक ऑक्साईड, दोन भाग गंधक आणि थोडं तेल-मेण असा सरळ हिशोब केला की पट्टीची घनता १.१२ च्या आसपास येते. खडूची घनता २.७. त्याचे चाळीस-पन्नास भाग घुसडले की पट्टी १.२५ च्या वर जाते. आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्याची घनता असते १.२. म्हणजे बरोबर दोघांच्या मधली!

शिरोड्याचं जाडं मीठ घरात होतंच. कैऱ्या खारवायच्या बरणीत पाणी घेऊन मीठ ढवळत राहिले, तळाशी खडे तसेच राहीपर्यंत. लिटरभर पाण्याला पाव किलोवर थोडं मीठ जातं असं वाटतं, पण थोडं थोडं घालत गेलं की साडेतीनशे ग्रॅमही पुरवून उरत नाही. तुकडे धुऊन, दाबून, बुडबुडे झटकून आत सोडले. तात्यांचं टोक वर आलं आणि तरंगत राहिलं. लचका दगडासारखा तळाला गेला. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "खाराक टायर घातलंस? आता ह्या बरणीत कैऱ्ये घालू नको." बरणी टाकली.

या परीक्षेवर डोळे मिटून विसंबू नका हेही सांगते. जुने टायर दळून पुन्हा वापरलेलं रबर कुणी मिसळलं असेल तर ते या पाण्यात पकडता येणार नाही, तेही तरंगेल. खनिजाची भर तेवढी उघडी पडते. शिवाय तुकडा चांगला काजळीचा असला तरी मिसळण नीट नसेल तर गुठळ्या राहतात, आणि चीर जाते ती नेमकी गुठळीपासून. ते डोळ्यांनी दिसत नाही, नव्या कापलेल्या टोकावर नख घासून थोडाफार अंदाज येतो इतकंच.

पुढच्या खेपेला हे तात्यांना सांगितलं तर ते हसले नाहीत. आत गेले आणि पट्टीवाल्याने दिलेला कागद घेऊन आले. त्यावर घनता छापलेली होती, १.१३. बाजूला शोअर कडकपणा ६४. त्यांच्याकडे कडकपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र आहे, ते दाबून दाखवलं, ६३ आलं. मग म्हणाले, "काजळी कमी पडली तर झिजता, जास्त झाली तर तापता. घाट चढणाऱ्याक तापणारो टायर कामाचो नाय." हे एका वाक्यात सांगितलं, पण टायरच्या साऱ्या शास्त्राची मेख तीच आहे. काजळीचे कण रबरात एकमेकांना धरून जाळं करतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पट्टी दबते, जाळं मोडतं, पुन्हा जुळतं, आणि त्यात खर्ची पडलेली शक्ती उष्णता होऊन आतच राहते. काजळी जितकी जास्त आणि बारीक तितकं हे जास्त. जाड नायलॉन टायरात ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. म्हणूनच ट्रकच्या टायरात नैसर्गिक रबराचं प्रमाण मोठं ठेवतात, कारण ते मुळात कमी तापतं, आणि ताणलं की त्याच्या साखळ्या ओळीने लागून तिथल्या तिथे घट्ट होतात, त्यामुळे चीर पुढे सरकत नाही. कारच्या टायरात कृत्रिम रबराचं प्रमाण बरंच जास्त असतं. विमानाचे टायर मात्र पुन्हा नैसर्गिक रबराकडेच जातात.

दुसऱ्या गाडीसाठी तात्यांनी वेगळी पट्टी सुचवली, खाणीची. तिच्यात काजळी थोडी कमी करून दहा-पंधरा भाग सिलिका घातलेली असते. सिलिका म्हणजे वाळूचीच बारीक पांढरी पूड, पण वाळू दळून नव्हे, विरघळवून पुन्हा खाली बसवलेली. फाटणं आणि लचके निघणं तिने कमी होतं आणि टायर तापतोही कमी. नुसती घातली तर ती रबराशी फटकून राहते, म्हणून तिला सिलेन नावाचा दुवा लावतात. कारच्या टायरांत काजळी बाजूला सारून सिलिका मोठ्या प्रमाणात आणली ती मिशेलिनने, १९९२ मध्ये. ओल्या रस्त्यावरची पकड वाढली आणि इंधनही वाचलं.

इथे मला आजीची राखुंडी आठवली. गिरणीतून आणलेलं भाताचं तूस जाळून ती दात घासायला राख करायची, करकरीत. त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. गुडइयर कंपनीने २०१४ मध्ये तुसाच्या राखेतून काढलेली सिलिका टायरात वापरायचं जाहीर केलं हे वाचलं तेव्हा आमच्या गिरणीमागचा तुसाचा ढीग डोळ्यांपुढे आला. आम्ही तो शेणीबरोबर चुलीत घालतो.

आता दुकानाचं काम. केसिंग, म्हणजे टायरचा जुना सांगाडा, आधी सुकवतात. कोकणातल्या हवेत हे पहिलं काम, कारण टायरात ओल राहिली तर तापवायच्या चेंबरमध्ये तिची वाफ होते आणि पट्टीखाली फुगा येतो. तात्यांनी मागच्या खोलीत बल्ब लावून टायर टांगायची सोय केलीय. मग बफिंग, म्हणजे जुनी नक्षी घासून काढायची. तेव्हा जो काळा धुरळा उडतो तो बघता पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करतात हे मला आवडत नाही, तात्यांना बोललेही आहे. मग चिकटवायचं सोल्युशन, कुशन गम म्हणजे कच्च्या रबराचा पातळ थर, वर तयार पट्टी, जोड स्टेपल करून रोलरने दाबायची, रबरी पिशवीत घालून हवा काढायची आणि चेंबरमध्ये. शंभर अंशांच्या थोडं वर, दाबाखाली, साडेतीन-चार तास. साच्यात घालून जास्त तापवायची जुनी पद्धत असते, त्यापेक्षा इथे केसिंग कमी भाजतं. पट्टी कारखान्यात आधीच शिजून आलेली असते, इथे शिजतो तो मधला गमचा थर.

आणि तोच थर एकदा दगावला. मार्चमध्ये केलेल्या एका टायरची जोडावरची कड तीन आठवड्यांत उचलली, बोट जाईल इतकी. टायर परत नेला तर तात्यांच्या मुलाने आधी खाणीवर ढकललं. मी म्हटलं, खाणीचा दगड कड कापेल, सोलणार नाही. तात्या आले, कड कापून पाहिली, आतला गम चकचकीत निघाला, म्हणजे तो धरलाच नव्हता. "चूक आमची," म्हणाले आणि पट्टी फुकट मारून दिली. पण त्यात सहा दिवस गेले आणि तेवढ्या दिवसांपुरता बदली टायर काही दिला नाही. माझी गाडी स्टेपनीवर चालली, दोन खेपा बुडाल्या. या सहा दिवसांचं कुणी काही बोललं नाही. मीही मागितलं नाही, मागायला हवं होतं.

वेळेच्या बाबतीत त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. चार दिवस म्हणजे सात धरा. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअॅपवर निळी खूण येते आणि त्यापुढे काही नाही. बिल पक्कं मिळतं. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, समोरच्या हॉटेलात जावं लागतं, तेही संध्याकाळी सहाला बंद. मला तिथे बसायला दिली ती खुर्ची टायरची आहे, दोन टायर एकावर एक आणि वर फळी. बसायला मात्र बरी आहे.

आता आकडे. पाच महिन्यांनी, तेरा हजारांच्या आसपास किलोमीटर झाल्यावर, नक्षीची खोली गेजने मोजली. डावीकडच्या स्वस्त पट्टीची खोली १४ मिलीमीटरवरून ५ वर आली होती, लचके धरले तर काही ठिकाणी दोरे दिसायच्या बेतात. उजवीकडे १५ ची १० उरली होती. डावी बाजू नेहमी गटाराकडची, तिला मार जास्त बसतो, तेवढं तिच्या बाजूने धरायला हवं. तरी नऊ आणि पाच यांतला फरक गटाराने पडत नाही. आपल्या पैशात बोलायचं तर स्वस्त पट्टीची एक मिलीमीटर नक्षी मला तीनशे रुपयांना पडली. तात्यांच्या पट्टीची मिलीमीटर तीनशे त्र्याहत्तरला, पण तेवढ्या एका मिलीमीटरवर ती जवळजवळ दुप्पट अंतर चालली.

खाणीची सिलिकावाली पट्टी सहा हजारांवर जाते. ती दुसऱ्या गाडीला आत्ताशी लावलीय, लचके अजून एकही नाही, पण चार महिने झाल्याशिवाय त्यावर काही बोलणार नाही. हायवेलाच चालणाऱ्या गाडीला तिची गरज नाही असं तात्यांनी स्वतःच सांगितलं.

कारचे टायर घेऊन जाऊ नका, ते करत नाहीत. ज्यांचं दोनदा रिमोल्ड झालंय असे नायलॉन टायरही बहुधा परत येतील. तात्यांनी लोळवून दिलेला माझा तो पहिला टायर आता सर्जेकोटला मामेभावाच्या होडीच्या कडेला लटकतोय, धक्क्याला होडी आपटू नये म्हणून. आणि टायर टाकायचे तर नवरात्राच्या आधी टाका. दसऱ्याला खाणी उघडल्या की जिल्ह्यातल्या निम्म्या गाड्या त्या उतरंडीसमोर उभ्या असतात आणि मग पंधरा दिवस नंबर लागत नाही.